राजाला खाज सुटत नाही

एका राज्यात राजे बोलत नसत. मुके होते असं नाही, बरं का. महालात बोलत, शिकारीत आरडाओरडा करत, आमटीत मीठ कमी पडलं तर आचाऱ्याचा उद्धार करत. पण सिंहासनावर बसले की ओठ शिवलेले. तिथे बोलायचा तो हात.

त्याचं असं झालं. फार जुन्या काळी त्या गादीवर एक राजा होता, तो धडधडीत खोटं बोलायचा, आणि त्याच्या खोट्यापायी निरपराध माणसं सुळावर जायची. शेवटी एक मांत्रिक संतापला. त्याने दरबाराच्या दाराशी काळ्या दगडाचा पुरुष उभा केला, त्याच्या हातात दगडी खड्ग दिलं, आणि बजावलं, "या आसनावरून जो खोटं बोलेल, त्याचं मुंडकं हा शिळापुरुष उडवील. आणि ज्या दिवशी इथे बसून कोणी स्वतःला लाज आणणारं खरं बोलेल, त्या दिवशी याची माती होईल." एवढं सांगून मांत्रिक निघून गेला.

आता यात भिण्यासारखं काय होतं सांगा? खरं बोलायचं, की झालं. पण पुढच्या राजांना आपली जीभ चांगली ठाऊक होती. त्यांनी तोडगा काढला, बोलायचंच नाही! न्याय हाताने करायचा. आरोपी समोर उभा राहिला की राजाने दोन्ही हात सिंहासनाच्या सिंहमुखांवर ठेवायचे. दरबारातली साळुंकी आधी राजाच्या सगळ्या पिढ्यांची नावं म्हणणार, मग आरोप म्हणणार. तिचं झालं की राजाने हात उचलायचा. छातीला लावला तर आरोपी सुटला, पण आरोप पुरा ऐकण्याआधी सोडायची मुभा नव्हती. गळ्याला लावला तर शिळापुरुष दारातून निघायचा आणि चालत यायचा. हाताची पहिली हालचाल तोच निकाल, दुसरी धरायची नाही. गादी रिकामी राहिली तर आरोपी दोषी. हा रिवाज इतका मुरला की शिळापुरुषसुद्धा हात ओळखू लागला. मांत्रिकाचं शेवटचं वाक्य मात्र राजघराणं सोयीने विसरलं.

अशा या घराण्यात धैर्यकेतू राजाला एकुलती एक लेक झाली. नाव ठेवलं हेमांगी. नावाप्रमाणे अंग सोन्यासारखं असावं, तर पाळण्यात असल्यापासून कोपरांच्या आत, गुडघ्यांच्या मागे आणि मानेवर लाल चट्टे. कातडी कोरडी पडायची, तडकायची, पाझरायची. आणि खाज! ती पोर रडून रडून निळी पडायची, पण खाजवायची थांबायची नाही, चादरीवर रक्ताचे थेंब पडायचे.

तिची दाई सुभगा. सुभगेने आपलं जुनं, धुवून धुवून विरलेलं लुगडं फाडलं, त्याच्या छोट्या पिशव्या शिवल्या आणि पोरीच्या मुठींना बांधल्या. रोज आंघोळीनंतर ती तिला तेल लावायची. दोन खांद्यांच्या मधे, जिथे माणसाचा स्वतःचा हात पोचत नाही, तिथे अंगाई म्हणत थोपटत बसायची. तिच्या मांडीच्या एका बाजूला हेमांगी, दुसऱ्या बाजूला तिचा पोटचा नंदन. एकाच दुधावर दोघं वाढली.

धैर्यकेतूने लेकीचे चट्टे पाहिले तेव्हा त्याचा चेहरा उतरला. त्याने वैद्य बोलावला नाही, कारण वैद्य चार घरी जातो आणि चार घरी बोलतो. त्याने शिंप्याकडून लांब बाह्यांचे, उंच गळ्याचे पोशाख शिवून घेतले आणि लेकीला समोर बसवून सांगितलं, "राजाला खाज सुटत नाही."

"पण मला सुटते, बाबा."

"राजाला सुटत नाही."

झालं! पोरीने हे वाक्य गाठीला बांधलं. मुठी आवळून हसायला शिकली. दालनाचं दार लागलं की मग खाजवायची, आणि सकाळी सुभगा मुकाट्याने चादरी बदलायची.

धैर्यकेतू वारला. हेमांगी राणी झाली. पहिल्या दरबारी प्रधानजींनी तिच्या गळ्यात कंठपट बांधला. म्हणजे सोन्याच्या तारांचा उंच पट्टा, आतून लोकरीचा, हनुवटीपासून खांद्यापर्यंत. एका पूर्वजाने तो नागराजाच्या गुहेतून लुटून आणला होता, आणि त्याच्याशिवाय गादीवर बसायचं नाही असा दंडक होता. ग्रीष्माचे दिवस. लोकरीखाली घामाची धार लागली.

आणि समोर आरोपी म्हणून कोण उभा? नंदन! तो राजाच्या पागेवर होता. राजा गेला की त्याचा घोडा समाधीपाशी मरेपर्यंत बांधून ठेवायचा, अशी तिथली रीत. घोडा खाईना, पिईना. नंदनला ते बघवलं नाही, त्याने दावं सोडलं. एवढाच त्याचा गुन्हा. तो राणीकडे बघून किंचित हसलासुद्धा. त्याला ठाऊक होतं, ही काही आपल्याला मारायची नाही. हेमांगीलाही ठाऊक होतं. भिंतीशी उभ्या सुभगेलाही.

साळुंकीने पिढ्या म्हणायला सुरुवात केली. एकेक नाव, एकेक पराक्रम. कंठपटाखाली आधी एक मुंगी चालल्यासारखं झालं. मग वारूळच फुटलं. हेमांगीने दात आवळले, नखं सिंहमुखांत रुतवली. साळुंकी आरोपापर्यंत पोचली, घोड्याचं नाव घेतलं, आणि राणीचा उजवा हात तिला न विचारता उठला. वर गेला, कंठपटाच्या कडेत बोटं घुसली आणि तिने खाजवलं.

दारातला दगड हलला.

शिळापुरुष दगडच तो, सावकाश चालतो. दरवाजापासून आरोपीपर्यंत चांगलं लांब अंतर. प्रत्येक पावलागणिक फरशी हादरत होती. नंदनचं हसू हळूहळू मावळलं. हेमांगीने हात छातीला लावला, दोनदा लावला, पण दुसरी हालचाल कोण धरतो? तिच्या जिभेच्या टोकाशी एक वाक्य आलं होतं. खरं वाक्य होतं, त्याने तिचं मुंडकं उडालं नसतं. पण समोर सगळा दरबार, मांडलिक, परक्या राज्यांचे वकील बसलेले. राजाला खाज सुटत नाही. ती गप्प बसली, आणि खड्ग खाली आलं.

सुभगा ओरडली. तिचा तो आवाज त्या भिंतींनी कधी ऐकला नव्हता. "ज्या हाताने माझा लेक मारला, त्या हाताला कधी स्वस्थता मिळू नये!"

राणीला शाप! शिपायांनी तिला तिथल्या तिथे पकडलं, तळघरात टाकलं. शरदाच्या पौर्णिमेला पुढचा दरबार. आरोपी सुभगा, आणि न्याय करणार हेमांगीच. आता बघा कशी गंमत आहे. त्या दिवसापासून राणीचा हात खरोखरच स्वस्थ बसेना, कारण तेल लावणारीच तळघरात होती. चट्टे गालापर्यंत चढले. लोक कुजबुजू लागले की दाईचा शाप लागला. राणी जितकी खाजवी, तितकी सुभगा दोषी ठरे. आणि पौर्णिमेला तो हात पुन्हा गळ्याकडे गेला तर?

हेमांगीचा जीव टांगणीला लागला. एक पहाट बघून ती साधा सुती वेश घालून वाड्याबाहेर पडली. दरबारातली साळुंकी उडत तिच्या मागे आली.

"तू कशाला?" हेमांगी म्हणाली.

"त्या दिवशी आरोप मी म्हटला होता," साळुंकी म्हणाली. "पिंजऱ्यात दाणा घशाखाली उतरत नाही."

दोघी काळ्या डोंगरावरच्या दंडपाणी मांत्रिकाकडे गेल्या. त्याने राणीची मान दुरूनच पाहिली, नाकाला पदर लावावा तसं उपरणं लावलं आणि म्हणाला, "हा नागराजाचा शाप. तुझ्या पूर्वजाने त्याचं सोनं लुटलं, ते तुझ्या गळ्याला डसतं आहे. तीन कामं कर. तप्तकुंडात स्नान कर. अग्निवेलीचा चीक अंगाला लाव. मग शुद्ध होऊन नागराजाकडे जा आणि त्याची कात मागून आण. कात पांघरलीस की शाप सुटेल."

"नक्की सुटेल?"

"माझ्याकडे आलेल्या कुणीही परत तक्रार केलेली नाही," दंडपाणी म्हणाला. बरोबरच आहे. तक्रार करायला परत येतो कोण?

तप्तकुंडावर एक यक्ष राखणीला होता. तो दगड शिजवून मऊ करून खायचा. त्याने पळीने दगड ढवळत विचारलं, "उतरायचं आहे? मग मला एक गाणं देऊन जा. मला इथे कंटाळा येतो."

हेमांगीला एकच गाणं येत होतं, सुभगेची अंगाई. तिने ती दिली. यक्षाने ती कानामागे खोचून ठेवली, आणि हेमांगीच्या मनातून ते शब्द, तो सूर, सगळं पुसून गेलं. ती कढत पाण्यात उतरली. अहाहा! असं सुख तिला जन्मात मिळालं नव्हतं. खाज अशी विरघळली की ती मोठ्याने हसली, साळुंकीला म्हणाली, "सुटले गं!"

बाहेर येऊन अंग वाळेपर्यंत ते सुख टिकलं. मग कातडी ताणली, वाळक्या चिखलासारखी तडकली, आणि खाज दुपटीने परतली. हेमांगी झाडाच्या खोडावर पाठ घासत संध्याकाळपर्यंत रडली. यक्ष तिकडे अंगाई गुणगुणत दगड खात होता, पण तिला ते गाणं ओळखू आलं नाही.

अग्निवेल एका बोडक्या टेकडीवर वाढायची. वेल बोलायची, पण फार नाही. "किती जाळू?" एवढंच तिने विचारलं.

"खाज जाईपर्यंत," हेमांगी म्हणाली.

"नका हो राणीसाहेब!" साळुंकी ओरडली. पण तोवर हेमांगीने चीक मानेला फासला होता. अंगाची लाहीलाही झाली. तरी वेडी पोर आनंदाने म्हणते, "दुखतंय, साळुंके! नुसतं दुखतंय, खाजत नाही!" ज्याला कधी अशी खाज सुटली नाही, त्याला हा आनंद कळायचा नाही. दोन दिवसांनी फोड फुटले, आणि त्या जखमांच्या आतून खाज पुन्हा हळूच डोकावली.

"परत चला," साळुंकी म्हणाली. "तिसरं काम तुम्हाला मारील."

"मी मेले तर गादी रिकामी राहील, आणि सुभगा दोषी ठरेल. मला मरायचीसुद्धा सोय नाही," हेमांगी म्हणाली आणि चालू लागली.

नागराजाची गुहा डोंगराच्या पोटात होती. सोन्याचे ढीग धुळीत पडलेले, आणि त्यांच्याकडे पाठ करून नागराज एका ओल्या शिळेवर पडला होता. त्याचे डोळे दुधासारखे पांढरे झाले होते. कात टाकायचे दिवस त्याचे, त्यामुळे भलताच चिडलेला.

"कोण आहे?"

"मी हेमांगी. माझ्या पूर्वजाने आपलं सोनं लुटलं. क्षमा मागायला आले. आपला शाप मागे घ्या आणि आपली कात मला द्या."

नागराजाने जीभ बाहेर काढली आणि तिच्या मानेजवळ, कोपरांजवळ, गुडघ्यांमागे हवा चाटली. मग म्हणाला, "मी शाप दिलेला नाही. सोन्याला मी विचारत नाही, थंड असतं म्हणून इथे ठेवलं आहे."

"मग कुणी दिला? सुभगेने?"

"कुणीच नाही. शापाला वास असतो, करपलेल्या दुधासारखा. तुला तो नाही. ही तुझी कातडी आहे. जन्मलीस तेव्हाच ही अशी होती. हिच्यात पाणी टिकत नाही, आणि बाहेरचं जे ते हिला टोचतं."

"मग ही बरी कधी होणार?"

"कधी शांत होईल, कधी पेटेल. जाणार नाही."

हेमांगी मटकन खाली बसली. शाप असता तर बरं झालं असतं! शापाला उःशाप असतो, शाप देणाऱ्याचे पाय धरता येतात, नाहीतर त्याचा गळा. इथे पाय कुणाचे धरायचे आणि गळा कुणाचा? ती त्या सोन्याच्या ढिगावर डोकं आपटून रडली, नागराजाला, बापाला, स्वतःच्या अंगाला तोंडाला येईल ते बोलली. नागराजाने ऐकून घेतलं. त्याचंही अंग खाजत होतं, त्याला राग आला नाही.

"माझी कात ने हवी तर," तो शेवटी म्हणाला. "पण मी ती वर्षानुवर्षं टाकतो आहे. खालून मीच निघतो."

तिने कात नेली नाही. पण ती तिथे काही दिवस राहिली, आणि तो काय करतो ते पाहत राहिली. नागराज कढत पाण्याजवळ जात नसे. कोमट झऱ्यात थोडा वेळ पडे, आणि अंग ओलं असतानाच शिळेवरच्या तेलकट शेवाळात लोळे. हेमांगीने तसंच केलं, फक्त शेवाळाच्या जागी डोंगराखालच्या गवळ्याकडून आणलेलं तूप घेतलं. ओल्या अंगाला लावलेलं तूप आतलं पाणी धरून ठेवतं, हे तिला कळलं. साळुंकीने चोचीने तिची नखं कुरतडून बोथट केली. खाज भडकली की ती ओल्या सुती फडक्याने ती जागा दाबून धरी, आणि खाज लाटेसारखी वर चढून पुन्हा उतरते का ते बघे. बहुतेक वेळा उतरे. नेहमी नाही. घोंगडी अंगावर घेतली की खाज सुटते, घाम आला की सुटते, रडल्यावर सुटते आणि नंदन आठवला की हमखास सुटते, हे सगळं तिने एकेक करून ओळखलं. घोंगडी टाकता आली. नंदनला कुठे टाकणार?

फोड भरले. मानेची लाली ओसरली. पौर्णिमा जवळ आली तशी ती परत फिरली. आणि त्या दंडपाणीचं काय झालं म्हणाल, तर काही झालं नाही. असल्यांचं कधी काही होत नाही. तो अजूनही काळ्या डोंगरावर लोकांना तीन-तीन कामं सांगत बसला असेल.

वाड्यात पोचल्यावर हेमांगी आधी तळघरात गेली. सुभगा भिंतीला टेकून बसली होती. केस पांढरे झाले होते.

"सुभगाई," हेमांगी म्हणाली, "उद्या मी हात हलू देणार नाही. मी शिकून आले आहे. तुम्हाला सोडवीन."

सुभगेने तोंड फिरवलं.

"तो हुकूम नव्हता हो. मला खाज सुटली होती."

"ते मला ठाऊक नाही होय?" सुभगा म्हणाली. "त्या सबंध दरबारात मला एकटीलाच ठाऊक होतं. हात वर गेला तेव्हाच मी ओळखलं, पोरीला खाज सुटली. मी तुझा हात माफ केला होता, राणी."

हेमांगीने मान वर केली.

"पण तो दगड दारापासून माझ्या लेकापर्यंत चालत आला. सावकाश आला. मी तुझ्या तोंडाकडे बघत होते. म्हटलं, आता बोलेल, आता बोलेल. तेवढ्या वेळात एक वाक्य मावलं असतं."

हेमांगीला वाटलं, तिच्या मांडीवर डोकं ठेवावं, ती लहानपणची अंगाई म्हणावी. तिने आठवून पाहिली. आठवेना. ती तशीच उठली. दाराशी तिने विचारलं, "तुमच्या जुन्या लुगड्याचा एखादा तुकडा द्याल? कंठपटाच्या आतून लावायला."

सुभगेने बऱ्याच वेळाने पदराचा काठ फाडला आणि तिच्या दिशेने फेकला.

पौर्णिमेची सकाळ झाली. हेमांगीने कोमट पाण्याने आंघोळ केली, ओल्या अंगाला तूप चोपडलं, लोकरीवर तो मऊ काठ टाचून कंठपट बांधला. गादीवर बसली, हात सिंहमुखांवर ठेवले. समोर सुभगा. लोक माना उंचावून राणीच्या हाताकडे बघत होते.

साळुंकीने पिढ्या म्हणायला घेतल्या. बिचारी किती भरभर म्हणत होती! पण रिवाजाप्रमाणे एकही नाव गाळता येत नव्हतं. हेमांगीची मान शांत होती. तूप काम करत होतं, लुगड्याचा काठ काम करत होता. एक लाट आली. तिने श्वास सोडला, लाट उतरली. दुसरी आली, तीही उतरली. प्रधानजींच्या कपाळाला आठ्या पडल्या, त्यांना वाटलं होतं एव्हाना शापाचा पुरावा मिळेल.

साळुंकी शेवटच्या नावाशी पोचली. धैर्यकेतू. मग आरोप सुरू झाला. "या बाईचा पुत्र नंदन..." आणि पुढे साळुंकीचा आवाज फाटला.

नंदनचं नाव कानावर पडलं आणि कंठपटाखाली आग लागली. ही लाट उतरणारी नव्हती. हेमांगीने सगळं केलं हो, नागराजाकडून शिकलेलं एकूण एक केलं. श्वास सोडला, बोटं रुतवली, मन दुसरीकडे नेलं. काही चाललं नाही. माणसाचं अंग आहे, त्याला हुकूम कळत नाही. हात उठला, वर गेला, आणि गळ्याला लागला.

दरबारातून एक सुस्कारा निघाला. दारातला दगड हलला.

पहिलं पाऊल पडलं. सुभगेने डोळे मिटले नाहीत. त्या दिवशी पाहिलं होतं तसंच तिने राणीच्या तोंडाकडे पाहिलं.

"थांब!" हेमांगी म्हणाली.

सिंहासनावरून शब्द! बसलेले उठले, उभे होते ते मागे सरले. शिळापुरुषाने मान वळवली. आता त्याचं खड्ग सुभगेकडे नव्हतं, गादीकडे होतं. खोटं निघालं तर काय होणार ते सगळ्यांना ठाऊक होतं.

"हा हुकूम नाही," ती म्हणाली. "मला खाज सुटली. मला पाळण्यात असल्यापासून खाज सुटते. हा सुभगाईंचा शाप नाही, कुणाचाच शाप नाही, माझी कातडी अशी आहे." तिने कंठपटाची गाठ ओढली, तो खाली फरशीवर पडला. लाल, खवले धरलेली, ओरखडलेली मान साऱ्या दरबाराने पाहिली. "त्या दिवशीही मला खाजच सुटली होती. नंदनला मी शिक्षा दिली नव्हती. हा चालत आला, मला बोलता येत होतं, आणि लाज वाटली म्हणून मी बोलले नाही. लाजेपायी मी माझ्या भावाला मरू दिलं."

शिळापुरुष थबकला. त्याच्या हातातलं खड्ग आधी निखळलं, मग बोटं, मग खांदे. बघता बघता तिथे काळ्या मातीचा ढीग झाला, आणि वाऱ्याने तो दरबारभर पसरला. प्रधानजींच्या पागोट्यावरसुद्धा बसला. जुना शाप फिटला. कुणाला टाळ्या वाजवायचं सुचलं नाही.

शिपायांनी सुभगेच्या बेड्या काढल्या. हेमांगी गादीवरून उतरली, तिच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि हात जोडले.

सुभगेने तिच्या मानेकडे पाहिलं. सवयीने तिचा हात थोडा वर आलासुद्धा, जिथे रक्त आलं होतं तिथपर्यंत. मग तो तिने मागे घेतला.

"एवढंच बोलायचं होतं?" ती म्हणाली. "एवढंसंच होतं ते?"

आणि मातीवरून चालत ती दरवाजाबाहेर गेली. तिने मागे वळून पाहिलं नाही.

त्या दिवसापासून त्या राज्यात न्याय तोंडाने होऊ लागला. समाधीपाशी घोडे बांधायची रीत राणीने मोडली. कंठपट नागराजाला परत पाठवला. तिचे पोशाख सुती आणि आखूड बाह्यांचे झाले. पोरांना चट्टे असले की आया त्यांना राणीला दाखवायला आणू लागल्या, आणि ती त्यांना सांगे, कढत पाणी नको, लोकर नको, ओल्या अंगाला तूप लावा, नखं कापा, आणि पोराला खाज सुटली तर सुटली म्हणू द्या. तिची न्यायबुद्धी चोख होती. लोक तिला चांगली राणी म्हणत, आणि ते खरं होतं.

सुभगा परत आली नाही. ती नदीपलीकडे एका झोपडीत राहायची. राणी दर पौर्णिमेला तिला बोलवायला माणूस पाठवी, आणि माणूस दर वेळी एकटाच परत येई.

हेमांगीची खाज कधी शांत असे, कधी पेटे. रोज आंघोळीनंतर ती स्वतःच तूप लावायची. मान, कोपर, गुडघ्यांच्या मागे, सगळीकडे हात पोचे. दासी विचारीत, "पाठीला आम्ही लावू का?" ती नको म्हणायची. दोन खांद्यांच्या मधली तेवढी जागा कोरडीच राहिली. तिथे खाज सुटली की ती हातातलं काम थांबवायची आणि ती उतरेपर्यंत बसून राहायची.